बांधाच्या दोन्ही बाजूंचा पाऊस

मत्तयकृत शुभवर्तमानातील ५:४५ हे वचन सातारा जिल्ह्यात राहून वाचणाऱ्याला थोडे थांबावे लागते. स्वर्गातील पिता वाइटांवर आणि चांगल्यांवर आपला सूर्य उगवतो आणि नीतिमानांवर व अनीतिमानांवर पाऊस पाडतो, असे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो आणि शतकानुशतके ख्रिस्ती लोकांनी या वाक्यात देवाच्या कृपेचे चित्र पाहिले आहे. परंतु आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरात वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि पूर्वेला माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवडच्या बाजूला, तो ५०० मिलिमीटरांपर्यंत पोहोचला तरी लोक समाधान मानतात. महाबळेश्वरच्या धुक्यातून सकाळी निघालेला माणूस दुपारी म्हसवडला उतरतो तेव्हा भर जुलैतही रस्त्याकडेची बाभळ धुळीने माखलेली असू शकते. कृपा जर पावसासारखी असेल तर ती इतकी विषम का, हा प्रश्न इथल्या माणसाला कोणी शिकवावा लागत नाही.

मी माणदेशात वाढले आणि आता साताऱ्यात राहते. माझे आजोबा कोरडवाहू शेतकरी होते आणि गावातील लहानशा ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, म्हणून त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. हे वचन त्यांच्या तोंडी नेहमी असे, आणि ते म्हणताना त्यांचा आवाज कधी कडवट झाल्याचे मला आठवत नाही. त्यामागचे कारण मला पुष्कळ उशिरा उमगले. पाऊस सर्वांना सारखा मिळतो असे येशूने म्हटलेलेच नाही. पाऊस पडताना खालच्या माणसाची लायकी पाहिली जात नाही, एवढेच तो सांगतो. या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे. पहिले विधान आमच्या जिल्ह्यात उघड उघड खोटे ठरते; दुसरे मात्र इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल.

अरबी समुद्रावरून येणारे नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक बाष्प घाटमाथ्यावरच रिते करतात. पूर्वेकडे उतरताना तेच वारे उबदार आणि कोरडे होतात, म्हणून खटाव, माण आणि पुढे सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हा सारा पट्टा पर्जन्यछायेत पडतो. महाबळेश्वरची माणसे म्हसवडच्या माणसांपेक्षा अकरापट पुण्यवान आहेत असे आजवर कोणी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. डोंगर कुठे उभा आहे यावर पाऊस ठरतो. त्याखालच्या माणसाच्या वर्तनावर नाही. तरीही दुष्काळ पडला की कोणीतरी पारावर, आणि खेदाने सांगते, कधी कधी व्यासपीठावरूनही म्हणतेच, की पाप वाढले म्हणून पाऊस गेला. असे म्हणणाऱ्यांजवळ वचनांचा आधारही असतो. आमोसाच्या चौथ्या अध्यायात देव एका नगरावर पाऊस पाडतो आणि दुसऱ्यावर पाडत नाही. परंतु तो संदेष्टा एका विशिष्ट राष्ट्राशी, त्याच्या कराराची आठवण देत, गरिबांना तुडवणाऱ्या श्रीमंतांविरुद्ध बोलत होता. त्याचे शब्द उचलून चारा छावणीत जनावरांपाशी रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगावर टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून जे मेले ते इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी होते काय, असे विचारून प्रभूने त्या हिशेबाची वाट स्वतःच बंद केली आहे.

पवित्र शास्त्रातील पाऊस समजून घ्यायला माणदेश ही चांगली शाळा आहे, असे मला वाटते. यरुशलेमचा वार्षिक पाऊस साधारण ५०० ते ५५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ माणइतका आहे. तिथेही समुद्र पश्चिमेला, मध्ये डोंगराची रांग आणि पूर्वेला उतारावर पर्जन्यछाया, अशीच रचना आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्याला पंचवीस-तीस किलोमीटरांत पाऊस दोनशे मिलिमीटरांच्या आत आलेला दिसतो. फरक ऋतूंचा आहे. तिथला पावसाळा ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि उन्हाळा संपूर्ण कोरडा जातो. सुरुवातीचा पाऊस कडक झालेली जमीन नांगरटीला मऊ करतो आणि शेवटचा पाऊस गव्हा-सातूचा दाणा भरतो. आपल्या मराठी शास्त्रात आगोटीचा आणि वळवाचा असे ज्यांना म्हटले आहे ते हेच दोन पाऊस. या दोहोंपैकी एक जरी चुकला तरी वर्ष वाया जाते, ही धास्ती ज्याने अनुभवली आहे त्याला स्तोत्रांतील आनंदाची आणि संदेष्ट्यांच्या आक्रोशाची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पवित्र शास्त्रातील 'अनुवाद' या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना दोन देशांतील फरक सांगतो. मिसर देशात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्याला द्यावे तसे पायाने पाणी देत होता. आता जिथे जात आहात तो डोंगर-खोऱ्यांचा देश आकाशातील पावसाचे पाणी पितो आणि वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत परमेश्वराची दृष्टी त्यावर असते. नाईलच्या काठचा माणूस खाली पाटाकडे पाहतो, कनानातला माणूस वर पाहतो. कराडपासून वाळव्यापर्यंतचा कृष्णाकाठ आणि आमचा माणदेश यांच्यातही हाच फरक आहे. उसाच्या पट्ट्यातील माझ्या मैत्रिणीच्या घरी जूनचा पहिला आठवडा इतर आठवड्यांसारखाच जातो. आमच्या घरी त्या दिवसांत जेवणाच्या पानावरूनही माणसे उठून अंगणात येऊन पश्चिमेकडे पाहत. तरीही दुष्काळाचे आध्यात्मिक कौतुक करणे मला मान्य नाही. कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उपसून ते आटपाडीकडे नेले जाते आणि त्या पाण्याने ज्यांचे डाळिंब उभे राहिले त्यांची देवावरची श्रद्धा त्यामुळे पातळ झाली असे कोणी म्हणू नये. तहानलेल्या माणसाला पाणी मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे. मोशेचा इशारा कालव्याविरुद्ध नाही. घरे भरली, गुरे वाढली, की देणाऱ्याला विसरू नका, असे तो पुढे-मागे पुन्हा पुन्हा सांगतो.

कृपेविषयी ख्रिस्ती विचारात जो जुना वाद आहे तोही शेतकऱ्याला परका नाही. देवाने द्यायचे आणि माणसाने घ्यायचे, यात माणसाचा वाटा किती? पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस शिकवत होता की माणूस आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्याला उत्तर दिले, की देवाकडे वळण्याची इच्छादेखील देवाच्या कृपेनेच उत्पन्न होते. ४१८ साली कार्थेजच्या धर्मपरिषदेने ऑगस्टीनच्या बाजूने कौल दिला. प्रॉटेस्टंट सुधारणेने हाच धागा उचलला आणि इफिसकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायाची आठवी-नववी वचने आमच्या मंडळीतील मुलेही पाठ म्हणतात: तारण कृपेने आहे, ते कर्मांनी मिळवलेले नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये. मात्र पाठ म्हणणाऱ्याच्या मनात एक शंका उरतेच. सारेच जर दिलेले असेल, तर मग आपण करायचे काय? हात बांधून बसायचे?

या शंकेचे सर्वांत नेमके उत्तर मला आजोबांकडून मिळाले आणि ते त्यांनी उत्तर म्हणून दिलेही नव्हते. आमचे रान उताराचे, वरची माती मुरमाड. अशा रानात ताल, म्हणजे उताराला आडवा घातलेला दगड-मातीचा बांध, नसेल तर मोठी सर आली तरी पाणी तासाभरात ओढ्याला जाते आणि जाताना वरची माती घेऊन जाते. म्हणून वैशाखात, उन्हाने दगडही हातात धरवत नसे अशा दिवसांत, घरातील सगळे जण तालीच्या डागडुजीला लागत. गेल्या वर्षी फुटलेल्या जागी खाली मोठे दगड बसवायचे, त्यांच्या फटींत लहान दगड ठोकायचे, मग माती ओढून ती घट्ट करायची आणि एका बाजूला सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, मोकळा ठेवायचा. उन्हाच्या तिरिमिरीत मी एकदा त्यांना विचारले, की एवढे करून पाऊस नाहीच आला तर? ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ताल घातली म्हणून पाऊस येतो व्हय गं? आला तर रानात ऱ्हावा म्हणून घालायची. आणायचं काम आपलं न्हाई." एवढे बोलून ते पुन्हा दगड लावायला वाकले.

ताल घालणे ही पावसाची किंमत नव्हती. कितीही उंच ताल घातली तरी तिच्या बदल्यात आकाशातून एक थेंबही मागता येत नाही, हे माणदेशातील लहान मूलही जाणते. आणि म्हणून तालीचे काम फुकट आहे असे मात्र तिथे कोणीही म्हणत नाही. प्रार्थना, शास्त्रवाचन, उपवास, प्रभुभोजनाला नियमाने येणे, पापाची कबुली देणे, क्षमा मागणे, या साऱ्यांची जागा मला तिथे दिसते. यांनी कृपा विकत मिळत नाही. आलेली कृपा वाहून जाऊ नये म्हणून ही कामे आहेत. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय हेच सांगतो, पण तिथला स्वर कठोर आहे: आपल्यावर वारंवार पडणारा पाऊस पिऊन जी जमीन उपयोगी वनस्पती उपजवते तिला देवाचा आशीर्वाद मिळतो आणि जी काटे-कुसळे उपजवते ती नापसंत ठरते. पाऊस दोघींवर तोच पडलेला असतो. ते वचन वाचताना मला आपल्या मंडळ्यांची आठवण येते. पिढ्यान्पिढ्या वचनाच्या पावसाखाली बसलेले आपण आणि तरीही घराघरांत धुमसणारी भाऊबंदकी.

सोळाव्या शतकात स्पेनमधील आविला येथे संत तेरेसा (१५१५–१५८२) होऊन गेली. आमची मंडळी प्रॉटेस्टंट असल्याने तिचे नाव आमच्याकडे फारसे घेतले जात नाही आणि मला ही उणीव वाटते. आपल्या आत्मचरित्रात तिने प्रार्थनेची वाढ सांगताना बागेला पाणी देण्याच्या चार रीती मांडल्या आहेत. पहिली, विहिरीतून हाताने पाणी शेंदणे. दुसरी, रहाटाने काढणे. तिसरी, ओढ्या-नदीचे पाणी आणणे. आणि चौथी, पाऊस. पहिल्या रीतीत कष्ट फार आणि पाणी थोडे. पुढे पुढे कष्ट कमी आणि पाणी अधिक होत जाते. पावसात तर माळ्याला काहीच करावे लागत नाही, प्रभू स्वतःच बाग भिजवतो. आमच्या जुन्या विहिरीवर मोट चालायची तेव्हा बैल धावेवरून खाली जात, नाडा ताणला जाई, मोट वर येऊन थारोळ्यात रिती होई आणि पाटातून पाणी वाफ्यांपर्यंत पोहोचेतो अर्धे पाटच पिऊन टाकी. माझ्या वडिलांच्या पिढीने ते पाहिले आहे. दिवसभर मोट धरणाऱ्या माणसाला रात्री अवचित पावसाने झोपेतून उठवले म्हणजे त्याला काय वाटत असेल, हे ज्याला कळते त्याला तेरेसाचे चौथे पाणी कळायला वेळ लागणार नाही.

तेरेसाचे आणखी एक म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते कोरड्या दिवसांविषयी आहे. विहीरच आटली तर माळ्याने काय करावे? ती म्हणते, चांगल्या माळ्याप्रमाणे आपल्याकडून होईल ते आपण करीत राहावे. विहीर कोरडी ठेवणे प्रभूच्या मनात असेल तर पाण्यावाचूनही तो फुलांना जगवील. अनेक वर्षे प्रार्थनेत मन लागत नव्हते, हे तिने स्वतःविषयी स्पष्ट लिहिले आहे. ज्यांची प्रार्थना सदैव ओली असते अशा माणसांनी दिलेल्या सांत्वनापेक्षा हे वाक्य मला अधिक विश्वासार्ह वाटते.

पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही, हीही एक गोष्ट या चित्रात धरायला हवी. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर शहरातील माणसाला वाटते, आता औत जुंपावे. शेतकरी मात्र वापशाची वाट पाहतो. ओल्या रानात औत घातले तर फाळाला चिखल चिकटतो आणि पुढे ढेकळे बांधतात. फार उशीर केला तर ओल उडून जाते. आजोबा रानाच्या मध्यभागी उकिडवे बसत, वरची माती बाजूला सारून वीतभर खालची मूठभर माती घेत आणि मूठ आवळत. गोळा बनला की उभे राहून तो कमरेइतक्या उंचीवरून सोडत. गोळा पडून भुगा झाला तर वापसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी थांबायचे. आणि मुठीत गोळा बनलाच नाही तर वेळ निघून गेली. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो, की शेतकरी भूमीच्या मोलवान पिकाची वाट पाहताना पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो, तसा तुम्हीही धीर धरा. एखाद्या सभेत कोणाचे मन भरून आले, कोणी रडत पुढे आले, की त्याच आठवड्यात त्याच्याकडून साक्ष, सेवा आणि बदललेला स्वभाव यांची अपेक्षा करणारे आपण लोक आहोत. आत मुरायला लागणारा वेळ आपण देत नाही आणि मग रानात ढेकळे निघाली की कुरकुरतो.

आता ज्या बाजूमुळे हे वचन मला सर्वांत अवघड वाटते तिच्याकडे येते. पावसाचे ते वाक्य येशूने हवेत उच्चारलेले नाही. त्याआधीचे वाक्य आहे: आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा आणि जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पाऊस तिथे वैऱ्यावर प्रीती करण्याचे कारण म्हणून येतो. आणि आमच्याकडे वैरी म्हणजे कोणी परदेशी सैन्य नसते. वैरी बांधापलीकडे राहतो, बहुधा आडनावही आपलेच लावतो. बांध कोरल्यावरून, हद्दीच्या दगडावरून, वाटेवरून चाललेले खटले तालुक्याच्या न्यायालयात आजोबांकडून नातवापर्यंत येतात. आमच्याही घराचे असे एक भांडण होते. आमच्या तालीचा सांडवा ज्या रानात उतरे ते रान ज्यांच्याशी बोलणे बंद होते त्यांचे होते. सांडवा दुसऱ्या बाजूला वळवणे अशक्य नव्हते आणि काकांनी ते सुचवलेही होते, कारण त्या पाण्यावर पलीकडच्यांची ज्वारी साधत असे. आजोबांनी ऐकले नाही. "त्याच्या रानावर पडायचा थांबलाय का पाऊस?" एवढेच ते म्हणाले. भांडण त्यांच्या हयातीत मिटले नाही आणि सांडवाही बुजवला गेला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण वैऱ्यावर प्रीती करण्याच्या गोष्टी सांगताना आपण शेवटी मिठी मारण्याचा प्रसंग घातल्यावाचून राहत नाही. कृपेखाली राहणाऱ्या माणसाला कधी कधी एवढेच जमते: पाणी अडवायचे नाही.

याच अर्थाने पाऊस मंडळीच्या भिंतीपाशीही थांबत नाही. लुस्त्र नगरात पौल आणि बर्णबा हे प्रेषित शास्त्राचा एक शब्दही न ऐकलेल्या लोकांपुढे उभे होते, तेव्हा त्यांनी मोशेचा किंवा दाविदाचा आधार घेतला नाही. देवाने आपणाला साक्षीविरहित ठेवले नाही, आकाशातून पाऊस आणि फलदायक ऋतू देऊन त्याने तुमची अंतःकरणे भरली, असे ते म्हणाले. साताऱ्याला या विचाराचा एक जुना वारसा आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, १९१७ साली, मिशनच्या नोकरीतून मोकळे होऊन साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. १९१९ च्या मे महिन्यात ते निवर्तले आणि ते काम वाढायला फारसा अवधी मिळाला नाही. मंडळीची हद्द आणि कृपेची हद्द एकच असते असे न मानणारा एक मोठा ख्रिस्ती माणूस याच गावात राहिला, याचा आम्हांला विसर पडता कामा नये.

ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर वादळातून एक प्रश्न विचारतो: जिथे मनुष्य नाही अशा भूमीवर, जिथे कोणी वसत नाही अशा रानावर पाऊस पाडून उजाड जागा तृप्त करायला आणि कोवळे गवत उगवायला वाट कोणी केली? माणसाच्या उपयोगाशी ज्याचा काहीही संबंध नाही अशा पावसाविषयी देव इथे बोलतो आणि त्या बोलण्यात अभिमान ऐकू येतो. साताऱ्याच्या पश्चिमेला कासचे पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत तेही आहे. जांभ्या खडकाचा तो सडा आहे. वर माती काही इंचांची, तीही सर्वत्र नाही. नांगर तिथे चालत नाही. पण पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्याच पातळ मातीवर सीतेची आसवे, तेरडा, गेंद अशी फुले एकामागून एक येतात आणि आठवड्या-आठवड्याला पठाराचा रंग बदलत जातो. पर्यटक येऊ लागले ही अलीकडची गोष्ट. त्याआधी कित्येक शतके ही फुले पाहायला गुराख्यांखेरीज कोणी नव्हते, आणि तरी पाऊस पडत होता. देवाचे देणे आपल्या गरजेपासून सुरू होत नाही, त्याच्या स्वभावातून येते, ही गोष्ट मला कासला गेल्यावर पटते. आणि माणच्या मुलीला ती पटणे सोपे नाही, कारण त्या खडकावर पडलेला पाऊस आपल्या रानात पडायला हवा होता असे मन म्हणतच राहते.

पावसाचे हे चित्र कुठे कमी पडते तेही सांगितले पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे बुडाली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला आणि त्याच पावसात आमच्या जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरड कोसळून घरेच्या घरे माणसांसह गाडली गेली. माझी मावशी सांगलीला राहते. २०१९ नंतरच्या एका उपासनेत आशीर्वादाच्या वर्षावाचे गीत सुरू झाले तेव्हा सारी मंडळी उभी राहिली आणि ती बसून राहिली. तिला कोणी उठवले नाही, हे फार चांगले झाले. त्या पाण्याला मी कृपा म्हणणार नाही. शास्त्रही म्हणत नाही. उत्पत्तीच्या सातव्या अध्यायातील पाऊस आणि यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायातील आशीर्वादाच्या सरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खडकावर बांधलेल्या घरावरही पाऊस पडला, पूर आले, हे येशूने सांगून ठेवले आहे. पुरातल्या माणसाला पावसाच्या उपमेचा उपयोग नाही. त्याच्यासाठी यशयाचा त्रेचाळिसावा अध्याय आहे, जिथे परमेश्वर म्हणतो, की तू जलांतून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन. पाणी येणारच नाही असे ते अभिवचन नाही, सोबतीचे आहे, आणि ख्रिस्ती विश्वासात त्या सोबतीला वधस्तंभाची खूण आहे.

तरीही सांगलीच्या पाण्याविषयी एक गोष्ट मला लिहिल्यावाचून राहवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर पूर्ण कोरडे पडले असताना मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत भरून पाणी लातूरला गेले. ते कृष्णेचे पाणी होते, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर आदल्या पावसाळ्यात पडलेले. डोंगराने जे एका बाजूला रिते केले ते माणसांनी शेकडो किलोमीटर दूर तहानेपर्यंत पोहोचवले. पाऊस विषम का पडतो याचे उत्तर मला देता येत नाही. पडलेल्या पावसाचे पुढे काय करायचे याचा सांडवा मात्र आपल्या हाती दिलेला आहे.

आमच्या मंडळीत जूनच्या पहिल्या रविवारी पावसासाठी विशेष प्रार्थना होते. संदेष्टा एलीयाने कर्मेल डोंगरावर डोके गुडघ्यांत घालून प्रार्थना केली आणि सातव्या खेपेला चाकराला समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसला, तो शास्त्रपाठ त्या दिवशी वाचला जातो. मला तो पाठ आवडतो, कारण ज्या एलीयाने पाऊस मागितला तो आपल्यासारख्याच स्वभावाचा माणूस होता असे याकोब आवर्जून सांगतो. यंदा मी पाळक साहेबांना विनंती केली, की प्रार्थनेत 'आमच्या शेतांवर' असे म्हणून न थांबता माण-खटावसाठी पाऊस, कोयनेच्या खोऱ्यासाठी उघडीप आणि कृष्णाकाठासाठी संयत पाणी, अशी नावे घेऊन मागावे. आणि त्यानंतर प्रत्येकाने ज्याच्याशी आपले बोलणे नाही अशा एका शेजाऱ्याच्या रानासाठी पाऊस मागावा. पहिली सूचना मंडळीच्या समितीने लगेच मान्य केली. दुसरीवर बराच वेळ चर्चा झाली. शेजाऱ्याचे नाव मनात घ्यावे की मोठ्याने, आणि तो शेजारी त्याच बाकावर बसलेला असला तर काय करावे, यावर वडीलधाऱ्यांचे अजून एकमत व्हायचे आहे. निर्णय येईल तो येवो, मी मात्र नाव मोठ्याने घेणार आहे, असे मी समितीला कळवले आहे.